ज्याला खोटं बोलवत नसे

दुरुस्तीवाल्याला खोटं बोलवत नसे. हे नाव हिंजवडीच्या आमच्या ऑफिसात सगळ्यांनी मिळून ठेवलेलं. जेवताना कुणाच्या डब्यातल्या भाजीला तो छान म्हणाला, की अर्ध्या तासाने टेबलाशी येऊन उभा राही. "दुरुस्ती सांगतो. भाजी तशी खारट होती." एकदा रविवारी दुपारी फोन करून त्याने मला कळवलं, की शुक्रवारी बसस्टॉपवर पाच मिनिटं थांबलो असं म्हणालो होतो, ती सात असावीत. मी म्हटलं, "बरं झालं सांगितलंस, मी जेवायचा थांबलोच होतो." तो हसला नाही. पुणेरी टोमणे त्याच्यापर्यंत पोचतच नसत.

तो यवतमाळचा. धायरीत आमच्याच सोसायटीत भाड्याने एकटा राहायचा आणि कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसायचा. त्याची मोटारसायकल जिन्याखाली धूळ खात पडली होती. का, विचारलं तर म्हणाला, "खड्ड्यातून गाडी गेली न भाऊ, की वाटते कोणाले उडवलं. मग परत जाऊन पाहा लागते." सिंहगड रस्त्यावरच्या एका खड्ड्यासाठी तो एका सकाळी अकरा वेळा मागे फिरला होता. ऑफिसात आम्ही यावर पोट धरून हसलो. मी जरा जास्तच.

एकदा बस चांदणी चौकात अडकली होती. खिडकीबाहेर बघत तो म्हणाला, "थकलो भाऊ. मरून जावं वाटून राहिलं." त्यावर दुरुस्ती येईल म्हणून मी थांबलो. ती आली नाही. त्याच शनिवारी मी त्याला नारायण पेठेत मनोविकारांच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, हा मंत्रचळ, ओसीडी म्हणतात याला. उपचारांनी आटोक्यात येतो, पण मरणाची भाषा थट्टेवारी नेऊ नका. लक्ष ठेवा. यवतमाळला त्याच्या ताईंना मी तिथूनच फोन लावून दिला.

चार शनिवार मी दवाखान्याच्या बाकावर बसलो. पाचव्या वेळी तो म्हणाला, "तुम्ही कशाले येता? वहिनी घरी वाट पाहत असतील. मी जातो न." मलाही ते हवंच होतं. मग दर सोमवारी बसमध्ये मी विचारायचो, "जाऊन आलास?"

"आलो. गोळ्या चालू आहेत."

यावर कधी दुरुस्ती आली नाही, म्हणजे खरंच असणार. शिवाय तो हल्ली थोडा हसायलाही लागला होता.

शाळा सुरू व्हायच्या सुमारास एका गुरुवारी तो बसला आला नाही. त्याने आत्महत्या केली होती.

दवाखान्यात सांगायला गेलो, तर काउंटरवरच्या बाईंनी फाइल काढली. "ते दिवाळीनंतर आलेच नाहीत हो. आम्ही दोनदा फोन केला, तर म्हणाले, दुसरे डॉक्टर धरलेत." दुसरे डॉक्टर कुणी नव्हते; त्याच्या खोलीत सापडलेली शेवटची चिठ्ठी याच दवाखान्याची, दिवाळीआधीची होती. सात-आठ महिने हा माणूस माझ्या शेजारी बसून सरळ खोटं बोलत होता. मला रडू आलं नाही, संताप आला. त्याने मला फसवलं, असं तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. तो आजारी होता हे मला कळतं. कळल्याने राग जात नाही.

तेराव्यानंतर ताईंचा फोन आला. औषधं घेत होता ना, असं त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं: दिवाळीपासून बंद होती, मलाही खोटंच सांगत होता. मग त्या म्हणाल्या, "पण मले तर तो दर शनिवारी सांगे, भाऊ संगं आलेत म्हणून. म्हणून मी तुम्हाले कधी विचारलंच नाही."

माझ्या नावावर त्या निर्धास्त राहिल्या आणि त्याच्या शब्दावर मी. एकमेकांचा नंबर दोघांकडेही होता.