डाव्या खांद्याखालची डबी

ही गोष्ट सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. कुणी विचारलं नाही असं नाही. मुलीने विचारलं, डॉक्टरांनी विचारलं, पोलिसांकडून आलेल्या एका सभ्य माणसानेही विचारलं. प्रत्येकाला मी थोडं थोडं सांगितलं, आणि ते सगळं एकत्र केलं तरी खरं होत नाही. आता खोटं लक्षात ठेवण्याचाही शीण येतो, म्हणून लिहितो. नावं कुणाचीच लिहीत नाही. ज्याच्याविषयी लिहायचं आहे त्याला भिडू म्हणतो.

इथे परदेशात, माउंट वेलिंग्टन नावाच्या उपनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये आम्ही शेजारच्या लेथवर काम केलं, मी निवृत्त होईपर्यंत. तो इथलाच, शेतावर वाढलेला. मी सांगलीहून आलेला. तो मला ‘मेट’ म्हणायचा, पण मेट तो सगळ्यांनाच म्हणायचा, बिघडलेल्या मशीनलासुद्धा. एका शनिवारी तो मला शहराबाहेर कैपाराकडे, एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात हरणांच्या शिकारीला घेऊन गेला, आणि मग ती सवयच झाली. माझ्याकडे परवाना नव्हता. इथे परवाना असलेला माणूस शेजारी उभा राहून लक्ष ठेवत असेल तर बिनपरवान्याच्या माणसाला बंदूक चालवता येते. म्हणजे माझी प्रत्येक गोळी त्याच्या जबाबदारीवर सुटत होती. हे आधीच सांगून ठेवतो, पुढे लागेल.

घरी मी ‘ट्रॅम्पिंग’ला, म्हणजे रानवाटा तुडवायला, जातो असं सांगायचो. आमचं घर शाकाहारी. बायकोला संशय असावा. स्वेटरला बंदुकीच्या दारूचा वास यायचा, आणि ती तो स्वेटर वेगळा धुवायची. बोलली कधीच नाही. मुलीला मात्र खरंच माहीत नव्हतं.

दुसरीही एक गोष्ट तिला माहीत नव्हती. मी जन्माचा डावखुरा. डाव्या हाताने घास घेतला की आजोबा पाटावरून उठवायचे, डाव्या हातात पेन्सिल दिसली की मास्तर पट्टी काढायचे. शाळेची पहिली दोन वर्षं संपेतो मी उजवा झालो होतो. जेवणं, लिहिणं, देवाला फूल वाहणं, सगळं उजव्या हाताने. भिडूने मात्र पहिल्याच दिवशी ओळखलं. दोन्ही तळव्यांची खिडकी करून माझ्या नाकाकडे बघ, म्हणाला. खिडकी आपोआप डाव्या डोळ्यासमोर आली. तो हसला. “मेट, तू आयुष्यभर चुकीच्या बाजूने जगतोयस.” पुढच्या वर्षी त्याने डाव्या हाताच्या बोल्टची, म्हणजे गोळी भरायचा खटका डावीकडे असलेली, जुनी रायफल कुठून तरी शोधून आणली. ती त्याच्याच तिजोरीत असायची, पण तो तिला तुझी म्हणायचा. डाव्या खांद्याला दस्ता लावून मी पहिल्यांदा दुर्बिणीतून बघितलं तेव्हा काय वाटलं ते लिहिणं कठीण आहे. खूप वर्षांनी कुणीतरी मला पाटावर परत बसवलं होतं.

बायको गेल्यावर मी मुलीकडे अल्बनीला राहायला आलो. मुलगी फार्मसिस्ट. तिथेच दोन-तीनदा चक्कर येऊन पडलो, आणि पेसमेकर बसवायचं ठरलं. तपासणीला ती सोबत होती. नर्सने विचारलं, कुठला हात जास्त वापरता? पेसमेकरची डबी सहसा कमी वापराच्या बाजूला बसवतात. मी तोंड उघडायच्या आत मुलगी म्हणाली, राइट. नर्सने आणखी विचारलं, गोल्फ, पोहणं, शिकार, असं काही? मुलगी हसली. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, “बाबा, ऐकलंत का? तुम्ही आणि शिकार. तुम्ही झुरळ दिसलं तरी आईला हाक मारायचात.”

नर्स माझ्याकडे बघत होती. एवढंच म्हणायचं होतं की डावा. पण डावा म्हटलं की का, आणि का म्हटलं की सगळे शनिवार उलगडले असते, तिच्या आईच्या त्या वेगळ्या धुतलेल्या स्वेटरसकट. मी हसलो आणि मान हलवली. डबी डाव्या खांद्याखाली बसली, बरोबर जिथे मी दस्ता टेकवायचो तिथे.

सहा-सात आठवड्यांनी मी भिडूच्या गॅरेजमध्ये गेलो. खांदा धरलाय, जुन्या रायफलचा धक्का सोसत नाही, असं सांगितलं. एवढं खरं होतं. त्याने बाकावर तीन रायफली मांडल्या आणि दुकानदार साडी दाखवतो तशी एकेक माझ्या हातात दिली. म्हाताऱ्यांची पंचाईत त्याने मला त्या दिवशी समजावली. चढावर वाहायला हलकी बंदूक हवीशी वाटते, पण हलकी बंदूक खांद्याला जास्त मारते. जड बंदूक धक्का पोटात घेते, पण ती वर न्यायला दम लागतो. “म्हणजे गुडघे वाचवायचे की खांदा, ते आधी ठरव. दोन्ही वाचवायचे असतील तर घरी बसून भाजी चीर.”

शेवटी माझी जुनी थ्री-ओ-एट रायफल बाजूला ठेवून त्याने लहान बोअरची टू-फोर-थ्री निवडली. गोळी लहान, धक्का निम्म्याच्या आसपास, आणि इथल्या हरणाला पुरेशी. नळीला आवाज आणि धक्का कमी करणारा सप्रेसर, दस्त्याला जाड रबर. दुर्बीण त्याने मुद्दाम कमी ताकदीची घेतली. जास्त ताकदीच्या दुर्बिणीत म्हातारा माणूस डोळा जवळ नेत नेत जातो आणि धक्क्यासरशी तिची कड भुवईवर बसते, असं त्याचं म्हणणं. त्याच्या स्वतःच्या भुवईवर ती खूण होती. माझी मान कितपत वाकते ते बघत त्याने ती दुर्बीण पुढे-मागे सरकवली, स्क्रू सैल केले, पुन्हा आवळले. ऐन डाव्या बोल्टची नाही मिळाली, म्हणाला, हात वरून नेऊन ओढावा लागेल, सवय होईल.

मग त्याने हातातला पाना खाली ठेवला.

“डॉक्टर काय म्हणाला?”

“संधिवात.”

“तेवढंच? मला खरं सांग. दुसरं काही असेल तर हे सगळं परत तिजोरीत जाईल आणि आपण मासे धरायला जाऊ. माझं काही बिघडत नाही.”

“तेवढंच,” मी म्हणालो.

तरी तो थांबला नाही. मग उजव्या खांद्यावर शिक, म्हणाला, एक हिवाळा घालवू त्यात, घाई कुणाला आहे. मी उजव्या बाजूने धरून बघितली. दुर्बिणीत नुसता काळोख दिसला. पुन्हा उजवा व्हायचं माझ्या जिवावर आलं. नको म्हणालो. मला मासे नको होते, हिवाळाही नको होता. मला माझा शनिवार हवा होता, होता तसा.

त्या हंगामात सरावासकट मी किती गोळ्या झाडल्या ते आठवत नाही. धक्का खरोखरच कमी होता. डबीवर मी बनियनच्या आत टॉवेलची घडी ठेवायचो आणि स्वतःला शहाणा समजायचो. खांदा दुखत नव्हता. पण खाली कातडीच्या आत डबीतून हृदयाकडे जाणारी एक तार होती, आणि तिला संधिवात नव्हता.

एप्रिलमधल्या एका सकाळी, माजावर आलेले नर ओरडत असतात त्या दिवसांत, कुंपणापलीकडच्या उतारावर एक हरीण उभं होतं. मी गोळी झाडली. ते पडलं की पळालं ते मला अजून ठाऊक नाही, कारण उठून दहा पावलं गेलो आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. शुद्ध आली तेव्हा भिडू माझ्या गळ्याची बटणं सोडत होता. त्याचा हात टॉवेलवर गेला, टॉवेल त्याने बाहेर ओढला, आणि मग बोटं त्या डबीवर थांबली. आयुष्यभर लोखंड हाताळलेली बोटं, त्यांना सांगावं लागलं नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने स्वतःचा कोट काढून माझ्यावर घातला आणि फोन लावायला टेकाडावर धावला. त्याचेही गुडघे गेलेले होते.

हेलिकॉप्टरने हॉस्पिटलमध्ये आणलं. तार तुटली होती. दुरुस्ती झाली, डबी उजवीकडे हलवली. दुसऱ्या दिवशी भिडू भेटायला आला तेव्हा मुलगी खाटेशेजारी बसली होती. ती ओरडली नाही, तिला ओरडता येत नाही. सरळ इंग्रजीत म्हणाली, “इतकी वर्षं ओळखता त्यांना. हार्ट पेशंटच्या हातात बंदूक देताना एकदा तरी विचारायचं होतं.”

मी जागा होतो. डोळे अर्धवट मिटलेले होते, औषधाची गुंगी होती, पण ऐकू स्वच्छ येत होतं. तो माझ्याकडे वळला असावा, त्याचे बूट खाटेच्या बाजूला करकरले.

“हो,” तो म्हणाला. “मी विचारायला हवं होतं.”

मी डोळे पूर्ण मिटून घेतले.

पोलिसांचा माणूस आला तेव्हाही मी गोलगोल बोललो. पुढे काही झालं नाही, पण भिडूने परवाना आपण होऊन परत केला आणि बंदुका विकल्या. वर्कशॉपमधल्या एकाकडून मला ते कळलं. भिडू आठ-नऊ वर्षांचा असताना बापाबरोबर पहिल्यांदा रानात गेला होता.

त्यानंतर एकदाच भेटलो, अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारात. मुलगी गाडी लावायला गेली होती. मी मेथीच्या जुड्या घेतल्या होत्या, पिशवी खांद्याला होती. तो समोरून आला, केस पार पांढरे. कसा आहेस, म्हणाला. मी ठीक म्हणालो. डबी आता कुठल्या बाजूला आहे, त्याने विचारलं. मी उजवी दाखवली. पिशवीचा पट्टा त्याच खांद्यावर होता. त्याने तो उतरवला आणि डाव्या खांद्यावर चढवला, दुर्बीण बसवायचा तसा, नीट बघून. तेवढ्यात मुलगी येताना दिसली. तिने त्याला ओळखलं आणि ती चार पावलांवर थांबली. तोही थांबला. दोघंही माझ्याकडे बघत होते.

वाक्य माझ्याकडे तयार होतं. महिनोन्‌महिने आरशासमोर म्हणून बघितलेलं. मी म्हणालो, मेथी आज कोवळी आहे. तो म्हणाला, गुड, मेट, आणि निघून गेला. मागच्या हिवाळ्यात तो वारला. मुलगी म्हणाली, अंत्यविधीला जायला हवं का आपण? तिच्या मनात अजून तोच राग होता, आणि तो राग तिला मी दिलेला होता. मी एकटा बसने गेलो, चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलो, परत आलो.

मुलीला मराठी सावकाश वाचता येते. हे तिने वाचावं, म्हणून ते वाक्य इथे लिहितो. बाजारात तिच्यासमोरच म्हणायचं होतं, त्याच्याकडे बघून:

मला माफ कर. तू विचारलं होतंस. दोनदा विचारलं होतंस, आणि मी खोटं बोललो.