शनिवारची भाकरी

आमच्या भिसेगावात माझ्या भिंतीला भिंत लागून एक म्हातारी एकटीच राहते. दर शनिवारी ती वानरांना भाकरी घालते. आधी भाकरी कपाळाला लावते, मग एकेकाच्या हातात तुकडा ठेवत लाडानं बोलते, "हळू खा रं, पळून जात नाय." मी ओरडले की हसते. "ताई, मारुतीरायाची लेकरं हायत ती. तुमाला काय करतात?"

मागल्या शनिवारी ती लेकीकडं खोपोलीला गेली होती. तिचं दार बंद दिसलं, तसा कळपातला मोठा हुप्या थेट माझ्या स्वयंपाकघरात शिरला. माझी रांगती नात बिस्कीट चोखत बसली होती. त्यानं ते ओढलं, ती सोडीना, तसे त्यानं दात विचकले. तिच्या दंडावर त्याचं नख लागलं, एवढ्यावर निभावलं, बघा. पोरीला आता इंजेक्शनं चालू आहेत.

हे ऐकल्यावर म्हातारीनं भाकरी बंद केली. या शनिवारी भीतीपोटी तिनं मलाच सोबतीला बोलावलं. कडी लावून आम्ही दोघी आत बसलो. पत्र्यावर दणादण उड्या पडल्या, मग दारावर थापा.

"माज्या हातची सवय लागलीय गं त्याला," ती पुटपुटली.

थापा थांबल्या. खिडकीच्या गजांतून एक काळा हात आत आला आणि तळवा वर करून तसाच थांबला.

म्हातारीचा हात भाकरीच्या टोपलीकडं गेला. मी तिचं मनगट घट्ट धरलं, तर दुसऱ्या हातानं भाकरी उचलून ती मलाच खिडकीकडं ओढायला लागली.