कुलूप तपासायला थांबलो

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, डेस्कवर तर नाहीच.

चेन्नईतल्या एका इंग्रजी दैनिकात मी इतरांची वाक्यं दुरुस्त करतो. नवे उपसंपादक आले की पहिल्या दिवशी फळ्यावर दोन वाक्यं लिहितो. ‘आय स्टॉप्ड टु चेक द लॉक’ – कुलूप तपासायला थांबलो. ‘आय स्टॉप्ड चेकिंग द लॉक’ – कुलूप तपासणं सोडून दिलं. मग सांगतो, एका इसमाने स्वतःच्या बचावात दुसरं वाक्य लिहिलं होतं. मुलं हसतात. तुम्हीही हसलात ना?

ते सेतुराव. चेन्नईजवळच्या आवडी गावात आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायचे, तिथल्या कारखान्यात स्टोअरकीपर. तंजावरकडची मराठी – मी घरात तिची नक्कल करायचो. तेव्हा मोबाइल नुकते लोकांच्या हाती आले होते. स्टोअरचं कुलूप उघडं सापडलं, त्यांना कारणे दाखवा नोटीस आली. उत्तर शुक्रवारपर्यंत द्यायचं होतं. बढती त्यावरच अडकलेली. सोमवारी हाताने लिहिलेलं उत्तर घेऊन आले. मला तंबी म्हणायचे – तमिळमध्ये धाकटा भाऊ.

“तंबी, तू पेपरातला. थोडं बघून दे की. तू बघितल्याशिवाय मी देणार नाही.”

किती वेळ लागला असता? दोन मिनिटं. मी कागद ऑफिसला नेला – हसायला. मंगळवारी डेस्कवर त्यांच्या हेलात वाचून दाखवला. बुधवारी क्रीडावाल्यांनी मागून नेला. गुरुवारी मी झेरॉक्स काढून घेतली. असल्या विनोदावर आमची पदवीधर मंडळी आठवडा काढतात. आणि शुक्रवारी? शुक्रवारी मला सुटी होती, कागद ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. सेतुराव दोनदा दाराशी आले. मी – आत होतो. आईला सांगायला लावलं, तो कामावर गेलाय.

पुढच्या सोमवारी कागद परत दिला. एक वाक्य बदललेलं. म्हणालो, बरंच काम होतं त्यात.

मुदत संपली म्हणून उत्तर कुणी घेतलंच नाही. बढती गेली. ते स्टोअरकीपर म्हणूनच निवृत्त झाले. कागद परत दिला त्या संध्याकाळी ते भिंतीपलीकडे बायकोला सांगत होते, “इंग्लिश सोपं नव्हे गं. पेपरातल्या माणसालाही आठवडा लागला.”

ऐकताना मी काय केलं? मनात त्या हेलाची नक्कल केली.

झेरॉक्स अजून माझ्याकडे आहे. यंदाची तुकडी परवा आली. मी फळ्यावर दोन्ही वाक्यं लिहिली.