सिस्टरांच्या चित्रातली बासरीवाली

गोजराबाई पाटी-पेन्सिलला कधी शिवल्या नाहीत. पण पंच्याण्णव साली महापालिकेच्या दारात तीन दिवस भाजीवाल्या बाया बसवून पंचवटीत ओटे मिळवले ते त्यांनीच. अशा बाईला कुणी अडाणी म्हटलं, की समजावं, म्हणणाऱ्याचीच शाळा कच्ची.

त्याच बायांचं त्यांनी भजनी मंडळ काढलं. ढोलकी स्वतःकडे. पुढे कोण, मागे कोण यावरून भांडणं नकोत म्हणून भजनालाही ओट्यांच्याच क्रमाने बसायचं.

नवरात्रातल्या स्पर्धेत मेथीवाल्या चतुराबाईचे टाळ चुकले. चतुराबाई शेवटच्या ओट्यावरची, गोजराबाईंची सगळ्यात जुनी मैत्रीण.

"तुला ताल नाही. तू आपल्या जुड्या बांध!" गोजराबाई सगळ्यांदेखत कडाडल्या.

चतुराबाई टाळ घेऊन उठली. त्याला महिना झाला. बोलणं बंद. गोजराबाईंना चहा गोड लागेना, पण आधी तोंड उघडतील तर त्या गोजराबाई कसल्या?

गुडघा सुजला म्हणून त्या मिशनच्या दवाखान्यात गेल्या. भिंतीवर मोठं चित्र होतं. सात-आठ सिस्टर, कुणाकडे सारंगीसारखं काही, कुणी पेटीवर, एक बासरीवाली, मधली हात उचलून ताल देणारी.

"काय चाललंय ह्यांचं?"

पट्टी बांधता बांधता सिस्टर साधना म्हणाल्या, "देवाचं गातायत, एकमनाने. किती शांत वाटतं ना?"

"डोंबलाचं शांत! मी मंडळ चालवते, सिस्टर. ही पेटीवाली पुढे पळतेय. ही जाडी तिच्यावर खवळलीय. अन् बासरीवाली कच्ची आहे."

"कशावरून?"

"डोळे बघा तिचे. देवाकडे कुठेत? मधलीच्या हातावर आहेत. म्हणून तर तिला हाताजवळ बसव..."

बोलता बोलता गोजराबाईंनी जीभ चावली. चतुराबाई बसायची शेजारच्या ओट्यावरच्या मालनबाईच्या भल्याथोरल्या पाठीमागे. तिला ढोलकीवरचा हात दिसणार कुठून?

"दुखलं का?" सिस्टरांनी विचारलं.

"थोडं," त्या म्हणाल्या.

तशाच लंगडत त्या मेथीच्या ओट्यापुढे उभ्या राहिल्या.

"चतुरे, आजपासून माझ्यासमोर बसायचं. हात दिसेल असं."

"का गं? मला ताल नाही ना?"

"ताल आहे तुला. मला बसवायची अक्कल नव्हती."

"सगळ्यांदेखत बोललीस, हेही सगळ्यांदेखत बोल."

गोजराबाईंनी कमरेवर हात ठेवले आणि भाव पुकारायच्या आवाजात अख्ख्या बाजाराला ऐकवलं, मालनबाईच्या पाठीसकट. गिऱ्हाइकंही हसली.

"अन् माझ्या पाठीला नावं कशाला ठेवतेस?" पलीकडून मालनबाई ओरडली.

चतुराबाईने मेथीच्या ढिगात हात घातला आणि गोणपाटाखालून टाळ बाहेर काढले. महिनाभर ती ते रोज घेऊन येत होती.