पाय धुताना दिलेला शब्द

नोकरीतली बहुतेक प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठल्या चोरीतला माल कुठल्या नाल्यात सापडला, हे विचारलंत तर मलाही फाईल मागवावी लागेल. एका प्रकरणासाठी मात्र मला कधी फाईल लागली नाही. ते आठवलं की आधी आठवते ती एका बाईची गप्प बसण्याची पद्धत.

माझे वडील साताऱ्याहून चंदीगडला वैद्यकीय संस्थेत नोकरीला आले. मी इथंच शिकलो, इथल्याच पोलीस दलात भरती झालो आणि इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालो. घरात मराठी, ठाण्यात हिंदी-पंजाबी. माझी मुलगी माझं मराठी सगळं समजून घेते आणि उत्तर हिंदीत देते. हे सांगण्याचं कारण इतकंच, की या प्रकरणात माझं मराठी कामाला आलं आणि त्यावरून टोमणेही खावे लागले.

निवृत्ती जवळ आली होती. सकाळची हजेरी संपवून मी खोलीत बसलो होतो. ठाण्याचा कारकून, म्हणजे आमचा मुन्शी, रोजनामचा लिहिता लिहिता उठला आणि म्हणाला, "सर, एक अजीब फोन था." नाव न सांगता कुणीतरी खबर दिली होती, की सेक्टर ३२ मधली एक मराठी मॅडम यात्रेच्या नावाखाली पोरांना परदेशात पोचवते. आमच्या भागात या धंद्याला कबूतरबाजी म्हणतात. नाटकमंडळी, खेळाडू, यात्रेकरू अशा एखाद्या गटात माणूस घुसवायचा, गट विमानानं परत आणायचा आणि घुसवलेलं कबूतर तिकडेच उडवून द्यायचं. अशी प्रकरणं मी पुष्कळ पाहिली होती. बहुतेकांत एजंट गब्बर होतो आणि कबूतर मरतं.

त्याच दिवशी दुपारी जवळच्या पिंजौर गावाहून एक आई तक्रार घेऊन आली. साधी बाई, डोक्यावर ओढणी, हातात मुलाचा फोटो. मुलगा तिथल्या एका कारखान्यात कंत्राटी कामावर होता, ते काम सुटलं होतं. म्हणून तो देवाच्या पायाशी जाऊन येतो म्हणाला आणि ख्रिस्ती यात्रेकरूंबरोबर तुर्कस्तानला गेला. सगळे परत आले, तो आला नाही. फोन तेव्हापासून बंद. बाईसोबत चाळिशीचा एक सभ्य माणूस होता. पिंजौरात इंग्रजीचे वर्ग चालवायचा. सगळे त्याला सरजी म्हणत. त्यानं बाईला पाणी आणून दिलं, खुर्ची ओढून दिली, आणि मला नम्रपणे म्हणाला, "सर, ग्रुप लीडर से पूछिए. बच्चे की ज़िम्मेदारी उसी की थी."

यात्रा इथून निघाली होती, म्हणून गुन्हा आमच्याकडेच दाखल झाला. उपअधीक्षकांनी मला बोलावून सांगितलं, "देखो जी, आपकी मराठी मैडम है. लिहाज़ मत करना." मी हो म्हणालो. मनात म्हटलं, एकतीस मार्च जवळ आलेल्या कारकुनासारखी माझी अवस्था, आणि यांना माझ्या मराठीची काळजी!

बाईमाणसाचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा असतो. मी महिला हवालदाराला बरोबर घेतलं आणि सेक्टर ३२ गाठलं. दार उघडलं ते सत्तरीकडे झुकलेल्या, ताठ कण्याच्या बाईंनी. मूळच्या नगरकडच्या, लग्न न केलेल्या. सगळी हयात परिचारिकांना शिकवण्यात गेलेली. निवृत्तीनंतर त्या वर्षातून एकदा चर्चमधल्या माणसांना घेऊन आद्य ख्रिस्ती मंडळ्यांची ठिकाणं दाखवायला जात. इफिस, स्मुर्णा, पर्गम, सार्दीस, अशी सगळी नावं त्यांच्या तोंडी बायबलातलीच. नकाशावरची आजची तुर्की नावं ड्रायव्हरसाठी, असं त्या म्हणत.

मी मराठीत बोललो तेव्हा त्यांचा चेहरा क्षणभर उजळला, मग पुन्हा गंभीर झाला.

"ताई, मुलगा तुमच्या गटात कसा आला?"

"चर्चच्या पाळकसाहेबांच्या ओळखीनं. गुणी पोरगा. म्हाताऱ्यांना हात धरून पायऱ्या चढवायचा. पर्गमला मला स्वतःला त्यानं वर नेलं."

"केव्हा लक्षात आलं, की तो नाही?"

"परत निघायच्या दिवशी सकाळी. नाश्त्याला आला नाही. हॉटेलवाल्यांना सांगितलं, तिथल्या पोलिसांना सांगितलं. गटातली वयस्कर माणसं माझ्या भरवशावर होती, त्यांना घेऊन निघावं लागलं."

सगळी उत्तरं सरळ, न अडखळता. मी विचारलं, "आदल्या दिवशी तुमचं त्याच्याशी काही बोलणं झालं?"

"झालं."

"काय?"

"ते मी सांगणार नाही, साहेब."

खोटं बोलणाऱ्या माणसांची मला सवय आहे. ती डोळे फिरवतात, पाणी मागतात, देवाच्या शपथा घेतात. या बाई तसं काही करत नव्हत्या. हात मांडीवर ठेवून, माझ्याकडे बघत त्या गप्प बसल्या. मी कायदा सांगितला, अटकेची भीती घातली. हवालदारीणबाईंनीही आवाज चढवून पाहिला. ताईंनी आम्हा दोघांना चहा दिला आणि पुन्हा गप्प बसल्या. मला राग आला. खरं सांगायचं तर संशयही पक्का झाला.

दुसऱ्या दिवशी मुलाबरोबर हॉटेलच्या खोलीत राहिलेल्या सहप्रवाशाला गाठलं. ते एका बँकेतून निवृत्त झालेले पंजाबी ख्रिस्ती गृहस्थ. बोलघेवडे. "लड़का हीरा था जी, मेरा बैग भी वही उठाता था," अशी सुरुवात करून त्यांनी मला अख्खी यात्रा घडवली. मी ऐकत राहिलो. माणूस बोलत असेल तर त्याला तोडू नये, हा माझा जुना नियम. बोलता बोलता ते पाय धुण्यावर आले.

येशूनं शेवटच्या भोजनाच्या वेळी आपल्या शिष्यांचे पाय धुतले, ही गोष्ट योहानाच्या शुभवर्तमानात आहे, आणि योहानाची कबर इफिसजवळ आहे असं मानतात. त्यामुळे ताईंच्या यात्रेत एक रिवाज होता. इफिस पाहून झालं, की हॉटेलच्या अंगणात सगळ्यांनी शेजारच्या माणसाचे पाय धुवायचे. जो उरेल त्याचे ताई धुणार. त्या वेळी मुलगा उरला होता.

"जूते उतारने को तैयार ही नहीं था," ते गृहस्थ म्हणाले. "बोला, आंटी, मेरे पैर गंदे हैं. मैडम बोलीं, इसीलिए तो धोने हैं. फिर बहुत देर उसके पैर पकड़े बैठी रहीं. कमरे से अपना दवाई का डिब्बा भी मँगवाया."

मी वही खाली ठेवली. सगळी यात्रा वातानुकूलित बसनं झालेली. मग त्या पोराच्या पायांना औषध कशाला? भरती झाल्यावर आम्हाला लांब पल्ल्याचं चालवत, तेव्हा नवे जड बूट घालून आठ-पंधरा दिवस आधीपासून सराव करावा लागायचा. टाचा सोलून निघायच्या, बोटांना चिकटपट्ट्या लावाव्या लागायच्या. पिंजौर-कालक्याच्या डोंगरात बूट घालून सराव करणारं पोरगं मला डोळ्यांसमोर दिसलं. त्याला लांब चालायचं होतं. तुर्कस्तानातून पुढे, सीमेवरची नदी ओलांडून, चोरवाटेनं युरोपात. आणि ताईंनी ते त्याचे पाय हातात घेताच ओळखलं होतं.

मी पुन्हा सेक्टर ३२ ला गेलो. या वेळी प्रश्न विचारला नाही, सांगितलंच. "ताई, त्याच्या टाचा सोललेल्या होत्या. तो कुठं चाललाय ते तुम्हाला कळलं होतं."

त्यांनी विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"पायांनी."

मग त्या रडल्या. कितीतरी दिवसांचं साठलेलं असावं. म्हणाल्या, "मी त्याला सांगितलं, बाळा, उद्या मुकाट्यानं बसमध्ये बस. तो हो म्हणाला. पण माझ्याकडून आधी शब्द घेतला, की आईला यातलं काही कळू द्यायचं नाही. त्याचे पाय माझ्या हातात होते, साहेब. तिथं दिलेला शब्द आहे तो. काहीही झालं तरी आईला स्वतः फोन करून सांगेन, म्हणाला होता. फोन आला नाही. मी रोज वाट बघते."

"पुढचा माणूस कोण, कुठून नेणार होता, हे त्यानं सांगितलं?"

"सांगितलं."

"मग सांगा!"

"तुम्हाला सांगितलं म्हणजे तिला कळणारच. शब्द मोडायला मी मोकळी नाही."

माझा संताप झाला. एक जीव तिकडे कुठं पडलाय याचा पत्ता नाही आणि ही बाई शब्द घेऊन बसली आहे! पण शब्द देणाऱ्या बाईला धाक घालून उपयोग नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तिच्याच नियमानं बोलायला हवं होतं.

म्हटलं, "ताई, त्यानं शब्द कुणासाठी घेतला? आईसाठी. तो तुम्हाला मोकळं करायला इथं नाही. पण आई आहे. तिनंच सांगितलं तर?"

त्या म्हणाल्या, "तिला बोलवा. मी तिला सांगेन, तुम्हाला नाही. तुम्ही बसला असाल आणि तुमच्या कानांवर पडलं, तर त्याला माझा इलाज नाही."

मी पिंजौरला फोन लावला. दुपारी आई आली. दारातूनच तिनं ताईंकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मला सहन झाली नाही. ताई उठून तिच्याजवळ गेल्या, तिला सोफ्यावर बसवलं आणि स्वतः खाली सतरंजीवर बसल्या. हिंदीत म्हणाल्या, "बहनजी, आपके बेटे ने मुझसे एक बात छुपाने का वादा लिया है. आप बोलेंगी तो ही मैं बोलूँगी."

आई म्हणाली, "बोलो. मर गया है तो वो भी बोलो."

ताईंनी सगळं सांगितलं. नदीकाठची दलदल, पायी जाणारी टोळी, घरी परत गेलो तर आईला तोंड कसं दाखवू म्हणून त्याचं रडणं. सगळं ऐकून झाल्यावर आईनं एकच विचारलं.

"उसके पैर कैसे थे?"

ताईंनी आपल्या तळहातावर बोट फिरवून दाखवलं. इथं टाच सोललेली, इथं अंगठ्याला फोड. "मैंने साफ़ करके अच्छे से बाँधे थे," त्या म्हणाल्या. आईनं त्यांचे दोन्ही हात धरले आणि कपाळाला लावले. माझ्या हवालदारीणबाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

मी विचारलं, "भेजा किसने?"

आता ताईंनी आईकडे पाहूनच उत्तर दिलं. "लड़का बोला, कोचिंगवाले सरजी ने."

आई ताडकन उभी राहिली. "सरजी? वो तो नीचे बैठे हैं. मुझे वही लेकर आए हैं."

मी खिडकीतून पाहिलं. खाली कडुनिंबाच्या सावलीत, गाडीला टेकून, सरजी फोनवर बोलत होते. जिना उतरताना माझे गुडघे दुखतात, हे त्या दिवशी मी विसरलो. मला पाहून त्यानं नम्रपणे हात जोडले. मीही हसून नमस्कार केला आणि त्याच्या हातातला फोन काढून घेतला. आईला ठाण्यात आणणं, ताईंकडे बोट दाखवणं, तो निनावी फोन, सगळं त्याचंच होतं. तपास कुठं पोचला ते कळावं म्हणून तो सावलीसारखा त्या आईच्या मागे फिरत होता. ठाण्यात नेल्यावर त्याचं इंग्रजी लवकर आटलं.

त्याच्या फोनवरून पलीकडचा माणूस मिळाला, वरिष्ठांमार्फत दूतावासाला कळवलं, आणि मग वाट पाहणं सुरू झालं. मुलगा सापडला तो सीमेच्या अलीकडेच, एका लहान गावातल्या दवाखान्यात. पाय सुजल्यावर टोळीनं त्याला सूर्यफुलाच्या शेतातल्या गोठ्यात टाकून दिलं होतं. शेतकऱ्यानं उचलून दवाखान्यात नेलं. ना फोन ना कागद, वर ताप डोक्यात गेलेला. तो कोण, हे तिथं कुणालाच कळत नव्हतं. तिथल्या डॉक्टरांनी कळवलं, की जखमांतलं विष वर चढू लागलं होतं, ओळख पटून मोठ्या इस्पितळात हलवायला आणखी उशीर चालला नसता. हे वाचून दाखवलं तेव्हा मुन्शीनं आपणहून सगळ्यांसाठी जिलेबी मागवली.

सरजीवर खटला उभा राहिला. ताईंना मी सरकारी साक्षीदार केलं. त्यांनी माहिती दडवली म्हणून त्यांनाही आरोपी करा, असं सांगणारे होते. मी ठाम राहिलो. माणूस चौकशीत गप्प बसला, की आम्ही पोलीस धरून चालतो की तो स्वतःची कातडी वाचवतोय. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण काही माणसं दुसऱ्यासाठी गप्प बसतात, आणि त्यांच्यावर आवाज चढवून काही मिळत नाही. त्यांनी नेमकं काय जपलंय, ते आधी शोधावं लागतं. हे मला नोकरीच्या शेवटी कळलं, आणि नव्या पोरांना मी हेच सांगत आलो.

मुलगा साक्षीला आला तेव्हा थोडा लंगडत होता. कोर्टाच्या व्हरांड्यात ताई त्याला पाहून पुढे झाल्या. त्यानं मान फिरवली. "आंटी, आपने वादा किया था," एवढंच म्हणाला आणि आईला मागे टाकून निघून गेला. आई ओशाळून गेली.

माझं डोकं फिरलं. ज्या बाईमुळे हा जगला, तिच्याकडे पाठ फिरवतो! मी त्याच्या मागे निघालो होतो. ताईंनी माझी बाही धरली.

"रागवू द्या त्याला, साहेब," त्या म्हणाल्या. "रागवायला तो आहे. मला एवढंच हवं होतं."