हळदीचं नाव, सुयांचं काम

हे मी आजवर कुनापाशी बोललो न्हाई. बायकोपाशी न्हाई, भावापाशी न्हाई. तुमी गावचे न्हाईत म्हनून सांगून राहिलो. हसायचं तर हसा — लोकायला हसवन्यातच माझी उमर गेली.

तोंडापासूनच सुरू करतो. जवानीत पुटकुळ्या आल्या, गेल्या, अन् जाताना गालाला खड्डे ठिवून गेल्या. वसमतच्या बाजारात हळद घिऊन गेलो की मीच म्हनायचो, "माझ्या गालाचं टेंडर निघालंय, पन ठेकेदार पळाला!" लोक पोट धरून हसायचे. दुसऱ्यानं म्हनायच्या आत आपन म्हनायचं, एवढीच माझी हुशारी. शाळा कधी पाह्यली न्हाई, तर दुसरी हुशारी कुठून आनू? पन घरी दाढी करताना, एकटा असलो की — हसू येत नव्हतं.

मंग म्या चोरून नांदेड गाठलं. चामडीच्या डॉक्टरीनबाई होत्या. घरी म्हनलो, ट्रॅक्टरचं सामान आनायला चाललो. बाईंनी तोंड बधिर व्हायचा मलम थापला, अन् मंग पेनावानी मशीन, पुढं बारीक बारीक सुया, ती गालावरून फिरवली. सुया टोचल्या की आतून कातडी नवी भरून येती म्हने. आपन वाळली हळद फिरत्या ढोलात घालून साल निघंस्तवर घासतो ना, मला तर तसंच वाटलं. तोंड लालबुंद! गावात सांगितलं, मोहळ उठलं, माश्या चावल्या. दर महिन्याला मला माश्या चावून राहिल्या, अन् एकानंबी इचारलं न्हाई की त्या निस्त्या गालालाच काहून चावतेत.

पन खड्डे भरले हो! सारे न्हाई, पन भरले. मी पारावर छाती काढून बसाया लागलो. फोटो काढायचा म्हनलं की आधी पळायचो, आता पुढं घुसायचो. लोक म्हनाले, "नाना, काय लावलं?" अन् माझ्या तोंडातून निघालं — "आपल्या शेतातली कच्ची हळद. साईत कालवून."

काहून म्हनलो? गड्यानं रूपासाठी तोंडाला सुया टोचून घेतल्या, हे म्हनायची लाज वाटली.

आठ दिसांत गाव पिवळं. बाया पिवळ्या, पोरी पिवळ्या. गड्यांच्या सदऱ्याच्या कॉलरीबी पिवळ्या, पन कबूल कुनी करंना.

इथवर गंमत हाय. फुडचं सांगताना जीभ अडती.

माझ्या थोरल्या भावाची पोरगी, रेखा. तिच्याबी गालाला तसेच खड्डे. साऱ्या गावात माझ्यावर जास्त भरोसा तिचा. रोज चोळून लावायची. पुरळ उठलं, आग व्हायला लागली, तरी लावून राहिली. एक दिवस म्हनली, "नाना, तुमाला गुन आला, मला काहून येईना? माझंच कायतरी चुकत असंल." अन् मी म्हनलो — "अजून चोळ."

व्हय. मीच म्हनलो.

पाव्हने तिला पाह्याला आले. पोराच्या आईनं हळूच इचारलं, पोरीला कावीळ हाय का? मी तिथंच बसलेलो, वडीलधारा म्हनून. खरं बोलता आलं नसतं का? पन मी काय बोललो ठाव हाय? "न्हाई हो, तुमच्या पोरासाठी आमी आधीच हळद लावून ठिवली!" सारी बैठक हसली. रेखानं चहाचा ट्रे खाली ठिवला अन् ती आत गेली. पाव्हन्यांचा नकार आला.

मंग एकदा नांदेडला, तोंडाला मलम थापून बाकावर बसलो होतो — अन् दारातून रेखा. एकटीच, तोंडाला रुमाल बांधून. मैतरनीनं तिला पत्ता दिलेला.

"नाना? तुमी?"

"तुझ्यासाठीच इचारपूस कराया आलो, बाई." पांढरं तोंड घिऊन म्हनलो हे!

तवाच आतली नर्स माझं नाव घिऊन वरडली, "शेषराव काका, मागच्या टायमाला लई सूज आली व्हती का?"

रेखाचे डोळे भरले. अन् मंग ती हसली, अशी हसली की बाकावरचे सारे पाहाया लागले. म्हनली, "सरका तिकडं. आधी मी जाते." अन् गेली.

बाईंनी तिचं पुरळ आधी बरं केलं, मंगच सुया. ती एसटीनं जायची, अन् घरी बापाला खरं सांगून जायची.

अन् आता ऐका! हळद शिजवायचा हंगाम. कढईपाशी साऱ्या गावच्या बाया. रेखा आली — रुमाल न्हाई, मान वर, सकाळचं ऊन गालावर. बाया उठूनच उभ्या राहिल्या. "कोन्ती हळद गं ही?"

"हळद न्हाई. सुया टोचून घेतल्या म्या, नांदेडला. थोडी तकलीफ होती. त्यात लपवायचं काय?"

खनखनीत बोलली. म्हाताऱ्या तिच्या गालावरून बोटं फिरवून राहिल्या. पोरी पत्ता मागून राहिल्या. त्या पाव्हन्यांचा निरोप आला होता, फिरून पाह्याला येतो म्हनून. तिनं सगळ्यांपुढं सांगितलं, "त्यायला म्हनाव, आता पोरगीच न्हाई म्हनती." माझा भाऊ एवढा खुश, कढईखाली जाळ घालायचा इसरला. माझी तर छाती फुगली — जशी काय मीच जिंकलो.

तेवढ्यात एका म्हातारीनं इचारलं, "मंग गं, नानाला कशी लागू पडली हळद?"

रेखानं माझ्याकडं पाह्यलं. तिनं ते माझ्यावर सोडलं होतं.

मी म्हनलो, "आपलं कातडंच वेगळं हाय, मावशे!"

सारे हसले. रेखा वळली अन् पोरींला गाडीचा टाइम सांगाया लागली.

हळद म्या तोंडाला एकदाबी लावली न्हाई.