चाळणीखालचं गिराण

बद्रीनाथला गावात ‘आभाळवाला’ म्हणत, अन् म्हणताना निम्मे लोक हसत. हैदराबादेत एका नवाबाच्या गच्चीवर मोठी दुर्बीण होती. तिच्यावरचं गोल छप्पर दोरानं ओढून फिरवायचं काम त्यानं अकरा वर्षं केलं. ओढायचं बैलासारखं, पण कान उघडे ठेवून. नवाब पाहुण्यांना आभाळ समजावून सांगे, ते हा दोर धरून ऐके. नवाब वारला, दुर्बीण विकली गेली, अन् बद्रीनाथ हाताला घट्टे घेऊन वाटूरजवळच्या आपल्या गावी परत आला.

मग दर अमावास्येला दिवेलागणीनंतर तो खळ्यावर घोंगडी टाकू लागला. बायापोरांसकट या, पैसा न्हाई, नारळ न्हाई. म्हातारीचं खाटलं अन् ते पळवणारे तीन चोर, म्हणजे सप्तर्षी, आभाळात कुठं दिसतात, हे लोकांना आधीच ठाऊक होतं. पण मधल्या चोराला एक बारका साथीदार चिकटून आहे, हे त्यानं दाखवलं तेव्हा म्हाताऱ्यांनी डोळे चोळले. पोरं तर घोंगडीवरच झोपून जात.

अशी दोन वर्षं बरी गेली. तेहतीस साली सूर्याचं गिराण नेमकं पोळ्याला आलं.

पंधरा दिवस पावसानं ओढ दिलेली. कपाशी माना टाकून उभी. त्यात सणाच्या दिवशी सूर्य गिळला जाणार, गिराण सुटंस्तोवर ना चूल, ना बैलाची पूजा. माणसं हळू आवाजात बोलू लागली. बद्रीनाथ मात्र चावडीवर उभा राहून म्हणाला, “पोळ्याच्या सकाळी समद्यांनी लेकरं घेऊन लिंबाखाली या. चांदोबा मधी येतो, त्याची सावली पडती, दुसरं काय न्हाई. गरवार बाई बाहेर आली तरी तिला काय होत न्हाई.”

शेजारचा भुजंग तंबाखू मळत होता. “काका, तुमची लेक नंदा कितव्यात हाय?”

“सातव्यात.”

“मंग पयले तिला आना. आमच्या बायका मागून येतीन.”

लोक हसले. हसणं संपलं तरी कोणी उठलं न्हाई. सगळे त्याच्या तोंडाकडं बघत राहिले.

“आनतो,” बद्रीनाथ म्हणाला.

तो घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. बायको तुळजाबाई भाकरी थापत होती. तिनं मान वर केली न्हाई.

“जबान देऊन आले म्हनं.”

“दिली.”

“लेकरू तुमच्या पोटात हाय का?”

बद्रीनाथ पागोटं काढून खुंटीला अडकवू लागला.

“चतुराबाईनं काय सांगून धाडलंय, ध्यानात हाय न?”

होतं ध्यानात. चतुराबाई ही नंदाची सासू, जांबची. नंदाचं पहिलं लेकरू मेलेलं जन्मलं होतं. यंदा बाळंतपणाला माहेरी धाडताना म्हातारी गाडीच्या चाकाशी उभी राहून म्हणाली होती, “धड लेकरू घेऊन आलीस तर घर उघडं हाय. न्हाई तर बापाकडंच राह्य.”

पोळ्याच्या सकाळी बद्रीनाथ उठला, तोंड धुतलं, अन् आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन हळूच म्हणाला, “नंदे, तू आतच राह्य. म्या सांगतो काहीबाही.” नंदा अंधारात सरळ पडून होती. आईनं तिला अंग खाजवायलासुद्धा मना केलं होतं. कापायचं न्हाई, चिरायचं न्हाई, घडी घालायची न्हाई. गिराणात चिरलं तर लेकराचा ओठ चिरतो, कान फाटतो, हे अख्ख्या मुलखाला पाठ. तिनं बापाकडं पाहिलं.

घरासमोरच्या लिंबाखाली वीसेक माणसं, बाया चारच. कमरोद्दीन कल्हईवाला, बद्रीनाथचा जिवाचा दोस्त, पिठाची चाळणी धरून उभा. “वर बघू नका, डोळे जातेत. खाली बघा,” बद्रीनाथ बजावत होता. खाली पांढरं धोतर अंथरलेलं. चाळणीच्या भोकाभोकातून सूर्य उतरला होता, अन् प्रत्येक सूर्याचा एकेक लचका तुटलेला.

लचका वाढत गेला. ऊन जुन्या तांब्यासारखं झालं. कावळे झाडावर परतले. धुऊन, शिंगं रंगवून बांधलेले बैल रवंथ थांबवून एकाच दिशेला बघत राहिले. लिंबाच्या पानांच्या फटींतूनही सूर्य गळत होता, अन् साऱ्या जमिनीवर विळ्यांसारखे बारके तुकडे हलत होते. एक बाई ते पायाखाली बघून पोर उचलून पळाली.

“काका,” भुजंग म्हणाला, “लेक कुठं हाय?”

बद्रीनाथनं तोंड उघडलं, अन् तेवढ्यात घराचं दार वाजलं. नंदा चालत आली. एका हातात विळी, दुसऱ्या हातात काकडी. धोतराशेजारी बसली, विळीवर पाय ठेवला अन् काकडी चिरू लागली.

“नंदे! हात उचल!” दारातून तुळजाबाई ओरडली.

नंदानं शेवटपर्यंत चिरली. तिच्या पोटावर उजेडाचे ते विळे हलत होते. पानांच्या फटी आहेत, दुसरं काय न्हाई, हे बद्रीनाथला पक्कं ठाऊक होतं. तरी तो नकळत पुढं सरला अन् तिच्या पोटावर आपली सावली धरली.

“घ्या, भुजंगदादा. खावा.”

भुजंग दोन पावलं मागं सरला. गिराणात कोण खातंय? शेवटी कमरोद्दीननं एक फोड उचलली अन् तोंडात टाकली. चावायला त्याला फार वेळ लागला.

नंतर जे घडलं ते सारं त्या विळीच्या खाती गेलं. पाऊस उशिरा आला, तो गिराणानं. भुजंगाचा बैल मेला, तो गिराणानं. नंदा विहिरीवर आली की बाया घागरी उचलून बाजूला होत. पुढच्या अमावास्येला खळ्यावर तिघं आले, त्याच्या पुढच्या वेळी एकटा कमरोद्दीन. गाव वाट बघत होतं. उघड कोणी बोलत नव्हतं, पण नंदाचं पोट दिसलं की नजर तिथं अडकायची.

दिवाळीत ती बाळंत झाली. सुईण म्हणून कमरोद्दीनची बायको अकबरबी होती. दार किलकिलं करून म्हणाली, “पोरगी हाय, भाईजान. बिलकुल सलामत.”

बद्रीनाथ आत गेला. लेकरू हातात घेतलं, दिव्याजवळ नेलं. ओठ बघितला. कानामागं बोट फिरवलं. हाताची बोटं मोजली, पायाची मोजली. मग पुन्हा हाताची मोजू लागला.

“बाबा,” खाटेवरून नंदा म्हणाली, “तुमीबी मोजून राह्यले?”

त्याचा हात थांबला.

“झालं असंल तर द्या इकडं.”

बाराव्या दिवशी चतुराबाई आली. दुपटं सोडून लेकराला उलटं-पालटं करून बघितलं अन् परत गुंडाळलं. “वरून बराबर हाय. आतलं कुनी बघितलंय? पोरगी बोलाय लागू द्या. मंग दोघींना नेऊ.” चहाला हात न लावता गाडीत बसली.

पोरगी धड निघाली म्हणून गावातली दहा-बारा माणसं मात्र पुढच्या अमावास्येला खळ्यावर आली. भुजंगही बायको घेऊन आला. नंदा लेकरू मांडीवर घेऊन कडंला बसली. बद्रीनाथ कृत्तिकांचं सांगत होता, पण मधेच थांबायचा, पोरगी कुरकुरली की कान तिकडं. आवाज नीट येतोय का? घशातून येतोय का नाकातून?

“काका,” भुजंग या वेळी हसला न्हाई, “पुढचं गिराण कवा हाय? आमच्या हिलाबी दिवस गेलेत.”

नवाबानं पुढच्या वीस वर्षांची गिराणं पाहुण्यांना वाचून दाखवली होती. बद्रीनाथला ती तिथीवार पाठ होती. पण तिथी सांगितली की बायकोला बाहेर आणू का, हेही भुजंग विचारणारच होता. नंदा त्याच्याकडं बघत होती.

“न्हाई ठावं मला,” तो म्हणाला अन् घोंगडी गुंडाळू लागला.